समुद्राचा पलीकडचा काठ

समुद्र मी पहिल्यांदा रंगवला तेव्हा तो मी पाहिलेला नव्हता. ज्या चाचांनी मला रंगवायला शिकवलं त्यांनीही तो पाहिलेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण त्या वेळी माझ्या हातून जी चूक झाली ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वर्ष-दीड वर्ष ती माझ्या छातीवर बसून होती. उतरली तेव्हा मात्र अशी उतरली की आज म्हातारपणी तो दिवस आठवला तरी मला मोकळं मोकळं वाटतं. म्हणून लिहायला बसले आहे.

माझं माहेर आटपाडीकडचं. आमच्याकडे पाणी म्हणजे आडाच्या तळाशी दिसणारं ताटलीएवढं आभाळ. दोर ओढून ओढून आमच्या हाताला घट्टे पडायचे. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा कृष्णेच्या घाटावर मी पहिल्यांदा एवढं पाणी एका जागी पाहिलं, आणि नवऱ्याला विचारलं, "हे सगळं झाकून कशानं ठेवतात?" हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर येईल त्या पाहुण्याला ऐकवला. पाहुणा हसला की मी चहात साखर कमी घालायची.

आमचे हे तेव्हा सांगलीत एका फोटोवाल्याच्या हाताखाली काम शिकत होते. शेजारी एक मुसलमान चाचा राहायचे. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. राजवाडा, अरण्य, रस्ता, समुद्र, जे म्हणाल ते. बोलपट आले, मंडळ्या बसल्या आणि चाचांचे पडदे गुंडाळून माळ्यावर गेले. मग ते फोटो रंगवायला लागले. तेव्हा फोटो काळेपांढरेच निघायचे. लग्नाच्या फोटोत शालू हिरवा दिसायला हवा असेल तर तो हातानं हिरवा करावा लागायचा. माझी दारातली रांगोळी बघून एक दिवस चाचा म्हणाले, "बेटी, तुझे रंग एकमेकाला ढकलत न्हाईत. बस इथं, तुला काम शिकवतो." आणि मी बसले.

काम असं असायचं. काडीला कापूस गुंडाळायचा, रंग पाण्यात पातळ करायचा आणि ओलसर केलेल्या फोटोवरून हलक्या हातानं फिरवायचा. हा रंग कागदात मुरतो आणि खालची छाया जशीच्या तशी दिसते. पण जिथं फोटोत काही नाहीच, तिथं काही दाखवायचं असेल, म्हणजे नथीतला मोती किंवा साडीची बुट्टी, तर पांढरा सफेदा घातलेला दाट रंग बारीक ब्रशनं वर बसवायचा. तो मुरत नाही. वरच्या वर बसतो आणि ओला कापूस लावला की निघून येतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाचांची शिस्त कडक होती. आधी रंगाला हातच लावू द्यायचे नाहीत. "चित्र सरळ हाय का बघ. जमीन तिरकी असली तर माणूस पडंल." मग म्हणायचे, "एका बाजूला सगळं आणि दुसऱ्या बाजूला काहीच न्हाई, असं करू नको. नजर त्या खड्ड्यात जाऊन पडती. तिथं काहीतरी ठेव, बारकं का असंना." आणि रंगाचं त्यांचं एकच म्हणणं असायचं. "आभाळाचा रंग थोडा पाण्यात उतरला पायजे. न्हाईतर आभाळ एका गावचं आणि पाणी दुसऱ्या गावचं."

मी एकदा विचारलं, "चाचा, समुद्राचा खरा रंग कसा असतो?"

"पडद्यावरचा निळा. खरा मी बघितला न्हाई." ब्रश झटकत ते म्हणाले, "पण पुढं बसलेल्या एका बी माणसानं कधी तक्रार केली न्हाई."

पुढे आम्ही साताऱ्याला येऊन आमचं स्वतःचं दुकान थाटलं. पुढच्या खोलीत फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी माझी रंगाची बैठक. लढाई चालू होती. गावोगावची पोरं पलटणीत जात होती आणि जाण्याआधी एक फोटो काढून घरी ठेवून जात होती. मी त्यांच्या गालांवर लाली चढवत होते. फोटोचा कागद मिळणं मुश्कील झालं होतं. एक कागद बिघडला की हे दिवसभर बोलायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर तेवढीच शांतता मिळायची.

एक दिवस दुपारी एक बाई दारात आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, पायात काही नाही. माहुलीच्या पुढं कृष्णेच्या काठी तिचं गाव होतं, तिथून चालत आली होती. तिनं कमरेची चंची सोडली, त्यातनं चिंधी काढली आणि चिंधीतून एक फोटो. तळहाताएवढा, घामानं भुरकटलेला, कडा मऊ पडलेल्या. एक शिपाई उभा होता. पायाखाली वाळू, आणि मागं सगळं पांढुरकं. कुठं पाणी, कुठं आभाळ, काही कळत नव्हतं.

"माझा ल्योक हाय," ती म्हणाली. "मास्तरानं पत्र वाचलं. म्हनला, समिंदराच्या कडंला हुबा हाय. कुटला समिंदर ते पत्रात लिवू देत न्हाईत. बाई, मला ह्ये मोठं करून रंगवून द्या. पाणी कुटवर हाय त्ये मला दिसू द्या."

मी म्हटलं, "मावशी, पाण्याचं काय एवढं? तुमचा मुलगा छान रंगवून देते की."

तिनं मान हलवली. "त्येचं त्वांड मला पाठ हाय. पाण्याचं भ्या वाटतं."

मग तिनं जे सांगितलं ते असं. पोरगा आठ वर्षांचा असताना दुसऱ्या पोरांच्या नादानं कृष्णेत उतरला. पोहायला धड येत नव्हतं. मध्यावर गेल्यावर दमला आणि त्यानं हातपाय सोडले. पलीकडं धुणं धुणाऱ्या बायांनी आरडाओरडा केला, तसं त्यानं मान वर करून काठ बघितला आणि पुन्हा हात मारायला लागला. कसाबसा पलीकडं लागला. "त्येची रीतच तशी हाय," ती म्हणाली. "काठ दिसला की हात मारतो. न्हाई दिसला की अंग सोडतो. आन् आता त्येला जहाजात बसवून कुटं कुटं नेत्यात. तितं काठ हाय का न्हाई, मला कुनी सांगंना."

बोलता बोलता तिनं एक गोष्ट अशीच सांगून टाकली. तो जहाजात बसल्याचं कळल्यापासून ती एक वेळच जेवत होती, आणि तेही ताटात टाकून उठत होती. ते तिच्या गळ्याकडे बघून कळतच होतं. हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती. ही बाई अशीच राहिली तर पोरगा परत येईल तेव्हा त्याला आई सापडायची नाही, हे मला त्याच दिवशी वाटलं.

ह्यांनी तिच्या फोटोचा फोटो घेतला आणि हातभर मोठा करायला घेतला. मूळ फोटो कुणा दोस्तानं काढलेला, त्यामुळे चांगलाच तिरका होता. वाळूची कड अशी उतरती होती की समुद्र उजवीकडे सांडेल की काय असं वाटत होतं. मोठा करताना ह्यांनी तो सरळ करून घेतला. इथवर आमचं जमलं. मग हे म्हणाले, पोराला बरोबर मध्ये घेतो. मी म्हटलं, "देव्हाऱ्यातला देव आहे का तो, मध्ये बसवायला? त्याला डाव्या अंगाला घ्या. त्याची मान पाण्याकडे वळलेली आहे, बघायला पुढं जागा नको?" हे म्हणाले, "इतक्या वर्षांत कुणी गिऱ्हाईक बाजूला उभं केलंय का मी?" मी म्हटलं, "मग आता करा." वाद दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चालला. शेवटी पोरगा डावीकडे गेला, आणि हट्ट माझाच असल्यामुळे पुढचं पाप कुणाच्या माथी मारायलाही मला जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी हे वाईला एका लग्नाचे फोटो काढायला गेले, दोन दिवसांसाठी. मी सकाळच्या उजेडात फोटो घेऊन बसले. वाळूला आमच्या आटपाडीच्या मातीचा रंग दिला. पोराच्या कपड्यांना खाकी. आभाळ फिकट ठेवलं. पाण्यासाठी निळा उरला नव्हता, लढाईमुळे रंगही मिळत नव्हते, तेव्हा धुण्याची नीळ चिमूटभर कालवली, त्यात हिरव्याचा थेंब टाकला, आणि चाचांची आठवण ठेवून आभाळाचा रंगही थोडा उतरवला. झकास जमलं. आभाळ आणि पाणी एकाच गावचं झालं.

आता मोठ्या केलेल्या फोटोत पाणी कुठं संपतं ते दिसत होतं. संपतं तिथं एक काळपट पट्टी होती, केसासारखी बारीक, उजवीकडे जराशी जाड झालेली. मी ती डोळ्याजवळ धरून बघितली. पाणी संपलं की काठ असतो, ह्यात विचार करण्यासारखं काय होतं? आडाला असतो, तळ्याला असतो, कृष्णेला असतो. बरं, पोरगा डावीकडे सरकल्यानं उजवी बाजू रिकामी पडली होती आणि नजर नेमकी तिथंच खड्ड्यात पडत होती. मी सफेद्यात हिरवा कालवला आणि त्या पट्टीवर पलीकडचा काठ बसवला. चार-दोन झाडं केली. माहुलीला नदीपलीकडे देऊळ दिसतं, तसा एक पांढरा ठिपका ठेवून त्याला शिखर काढलं. लांब धरून बघितलं. डावीकडे पोरगा, उजवीकडे देऊळ, तराजू अगदी तोलून. चाचा इथं असते तर पाठ थोपटली असती असं वाटलं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की तो दिवस आमटीत मीठ घालायचं राहिलं.

मावशी ठरल्या दिवशी आली. मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं आधी पोराकडं बघितलं, मग पाण्यावरून बोट न टेकवता फिरवत फिरवत उजवीकडे नेलं.

"ह्ये काय?"

"पलीकडचा काठ, मावशी."

"आन् ह्ये पांढरं?"

"देऊळ असेल."

ती तिथंच भुईवर बसली. किती तरी वेळ बघत राहिली. मग तिनं पाणी मागितलं. मी पाण्याबरोबर भाकरी आणि ठेचा पुढे केला. तिनं एक भाकरी खाल्ली, मी दुसरी दिली तीही खाल्ली, आणि ताट पुसून घेतल्यासारखं रिकामं केलं. "लय दिसानं पोटात घास गेला बगा," ती म्हणाली.  फोटोला काच बसवून देते, थांबा, म्हटलं तर थांबायला तयार नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो फोटो तिनं पदरात घेतला आणि गेली.

हे वाईहून आले. हातपाय धुवायच्या आत मी सगळं सांगितलं. पाणी कसं केलं, काठ कसा केला. त्यांचा तांब्या हातातच राहिला.

"काठ? कसला काठ?"

"पलीकडचा."

हे तरुणपणी एकदा कुंभार्ली घाट उतरून कोकणात समुद्र बघून आले होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "अगं, समुद्राला पलीकडचा काठ दिसत नसतो."

"दिसत नसतो म्हणजे? मग पाणी अडतं कशाला?"

"ते देवाला विचार. बघावं तिकडं पाणीच असतं, जिथवर नजर जाईल तिथवर. ती पट्टी म्हणजे लांबचा ढग असेल, नाहीतर आगबोटीचा धूर." मग हळूच म्हणाले, "देऊळ पण काढलंस?"

"एक बारकंसंच."

हे हसायला लागले. मीही हसले असते, पण ताटातली ती दुसरी भाकरी डोळ्यांपुढे आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी ह्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांचंही हसू थांबलं. "उद्या रजेवर आलेला कोणी शिपाई ते चित्र बघेल," ते म्हणाले, "आणि सांगेल, मावशी, हे खोटं आहे. मग त्या बाईचं काय होईल?" त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी कापूस आणि ब्रश पिशवीत टाकला आणि माहुलीच्या पुढं जाणाऱ्या एका बैलगाडीत बसले. ठरवलं होतं, तिला खरं सांगायचं आणि काठ पुसून टाकायचा. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तिचं घर गावाच्या कडेला होतं. ती चुलीपुढं बसून जेवत होती. मला बघून लगबगीनं उठली, तर मीच तिला खाली बसवलं. ताटात भाकरी, कांदा आणि वाटीत पातळ कालवण होतं. ते सगळं तिनं माझ्यासमोर संपवलं. चित्र कोनाड्यात देवाशेजारी ठेवलेलं होतं. पाण्यावर, वाळूला लागून, तिनं हळदीकुंकवाचं बोट टेकवलेलं होतं. जित्या माणसाच्या फोटोला कुंकू लावायचं नसतं, म्हणून पोराला लावलं नव्हतं, पाण्याला लावलं होतं. आपल्याकडे नदीला लावतात तसंच. मी जवळ जाऊन बघितलं. माझ्या काठावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक ठिकाणी रंग उडालेला होता. घाईत माझंच काम कच्चं राहिलं असेल, म्हटलं.

"रोज बगती," ती मागून म्हणाली. "बगती आन् मग जेवती."

पिशवीतला कापूस पिशवीतच राहिला. तुम्ही म्हणाल, भित्री. असेन. पण भाकरी खाणाऱ्या माणसाच्या ताटापुढची चूल कोण विझवणार? मी तिच्या हातचा गुळाचा चहा प्यायले आणि परत आले. ह्यांनी दारातच विचारलं, "पुसलास?" मी म्हटलं, "नाही," आणि ह्यांनी पुढं काही विचारलं नाही. ह्यांच्या स्वभावातली हीच एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडत आली.

त्यानंतर माझी जी अवस्था झाली ती कुणाची होऊ नये. बाजाराच्या दिवशी मावशी दुकानापाशी यायची. दारातूनच सांगायची, "पत्र आलं." कधी म्हणायची, "आलं न्हाई." ती दिवसेंदिवस सावरत होती. गळ्याची हाडं झाकली, पायात जोर आला. ती जितकी सावरायची तितकी मी खचायची. पोराचं काही बरंवाईट झालं तर ती येऊन मला विचारील, बाई, काठ होता ना? आणि मी काय सांगू, की सफेद्याचा होता? रस्त्यानं तारवाला दिसला की मी खिडकी लावून घ्यायची. त्यानंतर मी फोटोत माझ्या मनाचं एक पानसुद्धा काढलं नाही. कुणी म्हणालं, गळ्यात जरा मोहनमाळ काढा, तर म्हणायची, "नाही हो, जे आहे ते आहे." हे म्हणायचे, रंगवणारी बाई आहेस की पंच?

लढाई संपली. पलटणी परत यायला लागल्या, पण एकदम नाही, थोड्या थोड्या. कुणाचा आला, कुणाचा यायचा राहिला. मावशीचा पोरगा पहिल्या खेपेला आला नाही, दुसऱ्यालाही नाही. दोन बाजार ती दुकानाकडे फिरकलीच नाही. मी तर मनात वाईटच धरून चालले होते.

आणि मग एका दिवशी, ऐन दुपारी, मी खिडकीपाशी बसलेली असताना दारात सावली पडली. मावशी उभी होती. तिच्या मागं, दाराच्या चौकटीला डोकं लागेल म्हणून वाकलेला, उंच, वाळलेला, हिवतापानं पिवळा पडलेला एक माणूस. खाकी कपडे. फोटोतला.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या घडीला कळलं. माझ्या हातातली वाटी लवंडली आणि निळं पाणी भुईभर झालं, तरी मी उठले नाही. मी रडतच बसले. बाई, ल्योक माझा आलाय आन् रडताय तुमी, असं मावशी म्हणाली, आणि मग तीही डोळ्याला पदर लावून बसली. पोरगा बिचारा अवघडून आमच्या दोघींकडे बघत उभा राहिला. ह्यांनी आतून येऊन त्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं.

मावशीनं पदराखालून ते चित्र काढून माझ्यापुढे ठेवलं. आता मात्र मला राहवेना. मी म्हटलं, "मावशी, मला माफ करा. हा काठ खोटा आहे. मी समुद्र कधी बघितलेला नव्हता. वाटलं, पाण्याला काठ असतोच, म्हणून काढला. नंतर कळलं तेव्हा पुसायला तुमच्या घरी आले होते, पण तुम्ही जेवत होता, मला धीर झाला नाही."

पोरगा खाली मान घालून हसत होता. "वैनी, मी घरी आल्या आल्या आईला इचारलं, ह्ये देऊळ कुटलं म्हून."

मी मावशीकडे बघितलं. ती शांत होती.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पहिल्याच दिशी घरी नेऊन म्या पाण्याला हळदकुकू लावाय गेली. वाटलं, पलीकडच्या काठाला लावावं. बोट वलं व्हतं. काठ माझ्या बोटाला आला, हिरवा."

तो ज्वारीच्या दाण्याएवढा डाग. मी मटकन खाली बसले असते, पण आधीच बसलेली होते.

"मग तरी तुम्ही रोज जेवत कशा राहिलात?"

"आता काय सांगू," ती म्हणाली. "चुलीपुढं बसले आन् इचार केला. ह्या बाईला माझं पोरगं ना वळखीचं ना पाळखीचं. तिला बी वाटलं, ह्येला काठ असावा. आपल्या हातानं केला तिनं. मग म्या उपाशी बसून काय करती? परक्या बाईनं तेवढं केलं, आपुन निदान भाकर खावी. पोरगं आलं तर आई जागंवर पायजे का नको?"

मी भुईवर सांडलेलं निळं पाणी फडक्यानं पुसायला लागले. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दीड वर्ष मी जे ओझं वाहत होते ते तिनं पहिल्याच दिवशी बोटानं उचलून बाजूला ठेवलेलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आता पुसा त्ये," ती म्हणाली. "ल्योक आला. आता काठाचं काय काम? कसा असतो समिंदर त्यो मला खरा बघू द्या."

मी कापूस ओला केला आणि उजवीकडून सुरुवात केली. आधी देऊळ गेलं, मग झाडं, मग हिरवा काठ. खालून ती जुनी काळपट पट्टी वर आली. पोरानं पुढं वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाऊस पडत व्हता तितं, लांब." त्यानं बोट दाखवत रंग सांगायला सुरुवात केली आणि मी काडीला कापूस गुंडाळून तो सांगेल तसं करत गेले. वाळूजवळ पाणी निळं नसतं, म्हणाला, कृष्णेला पूर आल्यावर असतं तसं गढूळ असतं. त्याच्या पुढं कांद्याच्या पातीसारखं हिरवं. त्याच्या पुढं तुमच्या निळीसारखं, पण अजून दाट. आणि अगदी शेवटी परत फिकट करा, आभाळाला टेकल्यासारखं. मी चारी रंग असे एकात एक सोडले की कुठं बांध दिसू नये. उजवी बाजू पुन्हा रिकामी झाली होती, पण आता नजर खड्ड्यात पडत नव्हती, पुढं पुढं जात होती. चाचांना हे सांगायला हवं, असं मनात आलं.

मावशी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं हिरव्या पाण्यापाशी बोट नेलं. "हितवर हाय व्हय?"

"अजून लय," पोरगा म्हणाला.

"हितवर?"

"न्हाई, पुढं."

"आन् त्येच्या पुढं?"

"त्येच्या पुढं बी पाणीच, आई. जहाजात बसलो की कितीक दिस काठच दिसत न्हाई."

ती बघत राहिली. रंग अजून ओला होता, म्हणून तिनं हात मागे घेतला. मग चित्रावरची नजर न काढता ती हळू म्हणाली, "एवढ्यातनं आलास व्हय रं तू?"

पोरानं मान डोलावली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि चित्र वाळून मी ते कागदात गुंडाळून देईपर्यंत सोडलं नाही.